सहा घरं, पाच काडतुसं: सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर रेंजवर हाताळताना

जुन्या पद्धतीच्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरचा चाप नुसता ओढून काहीच होत नाही. आधी अंगठ्याने घोडा, म्हणजे ठोका मारणारा मागचा हातोडा, मागे खेचायचा. तो मागे अडकला की मगच चापाला काम मिळतं, आणि तेही एवढंच की अडकलेला घोडा सोडायचा. चापाला एकच काम, म्हणून सिंगल अ‍ॅक्शन. पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला पूर्वी जे रिव्हॉल्वर दिसायचं ते डबल अ‍ॅक्शन. त्यात चाप ओढता ओढताच घोडा मागे जातो, सिलिंडर (काडतुसांची घरं असलेला फिरता दंडगोल) एक घर फिरतो आणि घोडा पडतो. हे सगळं एका बोटाने करायचं तर दहा-बारा पौंडांचा, म्हणजे साधारण पाच किलोंचा जोर लागतो. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये जड काम अंगठ्याने आधीच उरकलेलं असतं, त्यामुळे चाप तीन-चार पौंडांत, म्हणजे दीड-दोन किलोंत सुटतो. बार नेमका लागतो तो या हलक्या चापामुळे, आणि नको तेव्हा उडतो तोही याच्यामुळेच.

कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक जवळून पाहिली आहे त्यांना यातलं निम्मं समजावून सांगावं लागत नाही. वानर, माकडं आणि रानडुकरं बागायतीला सुखाने जगू देत नाहीत, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एखादी बंदूक अजूनही वाडीत कुठेतरी असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागल्यावर परत येते. आमच्या वाडीतले तात्या अशी बंदूक हातात घेतली की आधी घोडा बघतात, मग नळी, मग बाकीचं. घोडा बाहेरच असल्यामुळे तो पूर्ण खाली आहे, अर्ध्यावर आहे की चढवलेला आहे हे लांबूनही दिसतं. सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर त्याच घराण्यातलं. दारू तोंडाकडून ठासायची तिथे मागून काडतूस घालायचं आणि एका नळीमागे सहा घरं, फरक एवढाच. घोड्याची वागणूक तीच.

आपल्याकडे हे रिव्हॉल्वर सहसा हाती येत नाही. साध्या परवान्यावर जे दिसतं ते बहुधा .३२ बोअरचं, सरकारी कारखान्यातलं, आणि ते डबल अ‍ॅक्शन असतं. जिल्ह्याच्या रायफल क्लबांत पोरं शिकतात ती १० मीटरवर एअर पिस्तुलाने. मला सिंगल अ‍ॅक्शनबद्दल विचारतात ती परदेशात स्थायिक झालेली गावची मुलं. ‘काका, शनिवारी मित्र रेंजवर नेतोय, त्याच्याकडे काऊबॉयवालं रिव्हॉल्वर आहे, काही सांगायचंय का?’ असा टेक्सासहून फोन येतो. सांगायचं बरंच असतं, आणि फोनवर निम्मं राहून जातं.

सगळ्यात आधी हे, की या रिव्हॉल्वरला सहसा सेफ्टीचं बटण नसतं. पिस्तुलाला कडेला असतो तसला खटका इथे नाही. त्याची सेफ्टी म्हणजे तुमच्या हातांचा क्रम. कुठलं काम कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, यावरच सगळं उभं आहे. रेंजवरचे चार नियम (प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजा, नळीचं तोंड सतत निशाणाकडे, निशाण धरेपर्यंत बोट चापाबाहेर, निशाणामागे काय आहे ते माहीत असू द्या) सगळ्या बंदुकांना लागू आहेत. सिंगल अ‍ॅक्शनला त्यावर हा क्रमाचा पाचवा नियम जोडायचा.

थोडा इतिहास, कारण तो आपल्याकडच्या बोटीवाल्यांना आवडावा. सॅम्युएल कोल्ट १८३० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ‘कॉर्व्हो’ नावाच्या गलबतावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. त्या सफरीत त्याने रिव्हॉल्वरचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचं सुकाणूचं चाक, किंवा नांगर ओढायचा रहाट ठरावीक जागी अडकत फिरतो ते बघून त्याला सिलिंडरची कल्पना सुचली असं सांगतात. घोडा मागे खेचला की सिलिंडर एक घर फिरावा आणि नेमका नळीसमोर अडकावा, ही त्याची करामत. अमेरिकेतलं पेटंट १८३६ चं. आज ज्याला लोक ‘काऊबॉय रिव्हॉल्वर’ म्हणतात ते कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये घेतलं, .४५ बोअरचं, घोडदळासाठी साडेसात इंच नळीचं. गंमत म्हणजे तेव्हाही ते काळाच्या मागेच होतं. इंग्लंडात रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ मध्येच नुसता चाप ओढून चालणारं रिव्हॉल्वर आणलं होतं. तरी कोल्टचं टिकलं, कारण भाग कमी आणि सगळे दणकट. आता त्याचा खरा संसार खेळात आहे. अमेरिकेत १८७०-८० च्या धाटणीची शस्त्रं घेऊन स्पर्धा भरतात, त्यांची सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी १९८७ पासून आहे. इटलीतल्या उबेर्टी आणि पिएटा या कंपन्या जुन्या नमुन्यांच्या नकला बनवतात. परदेशी रेंजवर हाती येईल ते त्यांपैकी एखादं असेल, नाहीतर रूगर.

रूगर की कोल्टच्या पद्धतीचं, हा प्रश्न हात लावण्याआधी विचारायचा. उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. रूगरने १९७३ मध्ये आपल्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये ट्रान्सफर बार नावाची पट्टी घातली. घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारं टोक) यांच्यामध्ये ही पट्टी वर आली तरच ठोका पिनपर्यंत पोचतो, आणि ती वर येते फक्त चाप पूर्ण मागे दाबलेला असताना. घोड्यावर दगड पडला तरी बार उडत नाही. म्हणून त्यात सहाही घरं भरली तरी चालतात. मात्र १९७३ च्या आधीची जुनी रूगर कोल्टसारखीच वागतात, त्यामुळे नुसतं ‘रूगर आहे’ एवढ्यावर भागत नाही.

कोल्टच्या पद्धतीत फायरिंग पिन घोड्याच्याच नाकावर बसवलेली असते. घोडा पूर्ण खाली असला की पिनचं टोक समोरच्या काडतुसाच्या टोपीला, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या बुडाच्या भागाला, टेकून असतं. अशा वेळी रिव्हॉल्वर हातातून निसटून घोड्यावर आपटलं तर चापाला कोणी बोटही न लावता बार उडतो. घोडा सावकाश मागे घेतलात तर चार वेळा ‘टक’ ऐकू येतं. पहिल्या ‘टक’ला घोडा जेमतेम उचलला जातो आणि पिन टोपीपासून सुटते. याला पूर्वी सेफ्टीची खाच म्हणत, आणि कितीतरी लोक त्या नावावर विसंबून फसले. त्या खाचेची कड पातळ असते, जोराचा दणका बसला की तुटते. दुसरी ‘टक’ म्हणजे अर्धा घोडा. इथे सिलिंडर मोकळा होऊन हाताने फिरतो, काडतुसं इथेच भरायची आणि काढायची. तिसरी सिलिंडर अडकवणाऱ्या कुत्र्याची, म्हणजे छोट्या खिटीची, आणि चौथीला घोडा पूर्ण चढला. अर्ध्या घोड्यावर ठेवलेलं रिव्हॉल्वर सुरक्षित आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती भरायची जागा आहे, ठेवायची नव्हे.

म्हणून सहा घरांत पाचच काडतुसं, आणि घोडा रिकाम्या घरावर. कोल्टच्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरसाठी याला पर्याय नाही.

भरायची पद्धत सावकाश बघू, कारण सगळी मेख इथे आहे. सिलिंडरच्या मागे उजव्या अंगाला छोटी झडप असते, काडतुसं एकेक करून तिथूनच आत जातात. उजव्या हाताचा माणूस रिव्हॉल्वर डाव्या हातात घेतो, म्हणजे उजवा हात काडतुसांना मोकळा राहतो. नळीचं तोंड निशाणाकडे, थोडं खाली. हात बदलताना माणसाचं लक्ष हातांकडे जातं आणि नळी कुठेतरी डावीकडे शेजाऱ्याकडे वळते. रेंज ऑफिसर ओरडतात ते बहुतेक याच क्षणी. घोडा दुसऱ्या ‘टक’पर्यंत आणायचा, झडप उघडायची, सिलिंडर फिरवत सहाही घरांतून उजेड दिसतो का ते बघायचं. मग पहिल्या घरात एक काडतूस. पुढचं घर सोडायचं. त्यापुढच्या चार घरांत चार. झडप बंद. आता घोडा पूर्ण मागे घ्यायचा, चौथ्या ‘टक’पर्यंत, आणि तिथून अंगठ्याने धरून अलगद खाली सोडायचा. तो उतरतो रिकाम्या घरावर.

हे कसं जमतं ते एकदा कागदावर सहा वर्तुळं काढून बघा, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. सिलिंडर मागून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे वरचं, घोड्यासमोरचं घर पुढच्या पायरीला उजवीकडे झडपेशी येतं. शेवटचं, सहावं घर झडपेशी भरलंत तेव्हा वर पहिलं घर असतं, भरलेलं. घोडा पूर्ण मागे गेला की सिलिंडर आणखी एक घर सरकतो आणि वर दुसरं घर येतं. तेच तुम्ही सोडलं होतं. घर सोडायला विसरलात, किंवा मध्येच कोणी हाक मारली म्हणून मोजणी चुकली, तर अंदाजाने पुढे जायचं नाही. सगळी काडतुसं काढायची, पुन्हा पहिल्यापासून. रिव्हॉल्वर भरणाऱ्याशी गप्पा मारू नयेत हा नियम मी स्वतः पाळतो आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावतो, मग कोणाला राग आला तरी येवो.

अर्ध्या घोड्यावरून थेट खाली सोडायचा नाही, आधी पूर्ण मागे, मगच खाली. तसं न केल्यास घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, आणि सिलिंडर अडकवणारं कुत्रं भलत्या जागी वर येऊन सिलिंडरवर चरा पाडतं. जुन्या रिव्हॉल्वरच्या सिलिंडरवर गोल ओरखडा दिसला की मालक हीच आळशी चूक करत आलाय असं खुशाल समजा.

घोडा उतरवणं हे या शस्त्रातलं सगळ्यात नाजूक काम. अंगठ्याची मांसल बाजू घोड्यावर पक्की बसवायची, नुसतं टोक नको; घाम आला असेल तर आधी हात पुसायचा. मे महिन्यात आपल्याकडे दर पाच मिनिटांनी पुसावा लागेल. घोड्याचा भार अंगठ्यावर पूर्ण आला की मगच चाप दाबायचा, आणि घोडा तळाला टेकेपर्यंत कोल्टच्या पद्धतीत तो दाबलेलाच ठेवायचा. मध्ये सोडला तर चापाची जीभ वाटेतल्या खाचांवर घासते, नाहीतर घोडा अर्ध्यावर अडकतो. अडकला तर पुन्हा पूर्ण मागे घेऊन सुरुवात. आता मघाचा क्रम आठवा. एक भर, एक सोड, चार भर, या हिशेबात हे नाजूक काम नेहमी रिकाम्या घरावर पडतं. अंगठा सटकला तरी नुसता ‘खट’ आवाज येईल. ज्या कोणी ही रीत पहिल्यांदा घालून दिली त्याने माणसाचा अंगठा नीट ओळखला होता.

नेमबाजी करताना मात्र भरलेल्या घरावर घोडा चढलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी ‘सीझ फायर’ची हाक आली तर? घाईघाईने घोडा उतरवायला जायचं नाही. बोट चापाबाहेर, नळी निशाणाकडे, आणि मोठ्याने सांगायचं की घोडा चढलेला आहे. रेंज ऑफिसर शेजारी येऊन पुढचं सांगेल. चढवलेलं रिव्हॉल्वर तसंच टेबलावर ठेवून मागे सरकणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

पकडीचं सांगतो. मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वाकडी असते, आणि तो वाक शोभेसाठी नाही. बार झाला की मूठ तळहातात किंचित फिरते, नळी वर उचलली जाते आणि धक्क्याचा जोर त्या फिरण्यात जिरतो. आधुनिक पिस्तुलासारखी घट्ट आवळून ही मूठ रोखायला गेलात तर मनगट दुखेल आणि मधल्या बोटावर चापाच्या कड्याचा मार बसेल. करंगळीला जागा उरली नाही तर ती मुठीच्या खाली दुमडून घ्या, खूप जण तसंच करतात. दोन हातांनी धरत असाल तर घोडा आधाराच्या हाताच्या अंगठ्याने चढवायचा, म्हणजे मुख्य हाताची पकड हलत नाही. तो अंगठा नंतर घोड्याच्या मागे राहता कामा नये, नाहीतर धक्क्याने रिव्हॉल्वर मागे उसळताना घोड्याचा मार बसतो. आणि घोडा चढवताना चापावर बोट अजिबात नको. चाप आधीच दाबलेला असेल तर घोडा मागे अडकत नाही. अंगठ्याखालून निसटला की सरळ पुढे जाऊन बार उडवतो. नवशिक्याचा अनपेक्षित बार बहुतेक असाच झालेला असतो.

नेम धरायला पुढे एक पातं आणि मागे सिलिंडरवरच्या पट्टीत कोरलेली खाच, एवढंच असतं. मागेपुढे करायला स्क्रू नाहीत. नजर पुढच्या पात्यावर, निशाण जरा धूसर दिसलं तरी चालेल. सात-दहा मीटरवर सुरुवात करा. छिद्रं सगळी एका बाजूला जवळजवळ पडत असतील तर तुमचा हात चांगला आहे, त्या रिव्हॉल्वरची खोड तेवढी ओळखायची. पसरत असतील तर बहुधा बार व्हायच्या आधी तुम्ही दचकताय. हे पकडायचा उपाय सोपा आहे. सोबत्याला पाचांऐवजी दोन-तीनच काडतुसं इकडेतिकडे भरायला सांगा. कुठलं घर रिकामं ते तुम्हाला माहीत नसताना घोडा रिकाम्यावर पडला आणि नळी खाली झुकली, की दोष उघडा पडतो. अगदी पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तर मी एकच काडतूस भरून देईन. पहिल्या धक्क्याने गोंधळलेला माणूस वळून मागे बघतो, तेव्हा पुढची घरं रिकामी असलेली बरी.

सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सिलिंडर फिरायला ती लागतेच. बार होतो तेव्हा तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना उडतात. आधाराच्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढच्या कडेपलीकडे जाऊ द्यायची नाहीत, आणि बघ्यांनी नेमबाजाच्या बरोबरीने नाही तर मागे उभं राहायचं. चष्मा बघ्यांनाही लागतो तो यासाठी. आवाज दीडशे डेसिबलच्या पलीकडे जातो, कानाला कायमची इजा व्हायला एक बार पुरतो. छपराखालच्या रेंजवर कानात बोंडं आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला.

चाप ओढला, घोडा पडला, आणि बार झालाच नाही तर? इथे रिव्हॉल्वरचा एक खास धोका आहे. काही वेळा टोपी पेटते पण दारू क्षणभर उशिरा पेट घेते. सवयीने तुम्ही लगेच घोडा पुन्हा चढवलात की ते काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं, आणि तिथे उडालं तर गोळीला जायला वाट नसते. म्हणून नळी निशाणाकडे ठेवून तीस सेकंद थांबायचं. घोड्याला हात लावायचा नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे बार नेहमीपेक्षा फुसका वाजला, धक्का जाणवलाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते. थांबा, रिकामं करा, आणि नळी तपासल्याशिवाय पुढचा बार नाही.

रिकामं करताना पुन्हा अर्धा घोडा, झडप उघडी, आणि नळीखालची दांडी मागे ढकलून काडतुसाची एकेक रिकामी पुंगळी बाहेर. एकदम सगळी निघत नाहीत, या रिव्हॉल्वरला घाई चालतच नाही. पाच पुंगळ्या मोजायच्या, मग सिलिंडर पूर्ण एक फेरा फिरवून सहा घरं डोळ्यांनी बघायची. रूगरच्या नव्या पद्धतीत अर्धा घोडा नसतो, तिथे घोडा खाली ठेवूनच झडप उघडली की सिलिंडर मोकळा होतो. आणि हातातून रिव्हॉल्वर पडायला लागलं तर झेलायला जाऊ नका. पडू दे. झेलताना बोट नेमकं चापात शिरतं.

आता जागेबद्दल. परवानगी असलेल्या रेंजबाहेर, हौस म्हणून, बार काढणं कायद्याने गुन्हा आहे हे तर झालंच. पण ‘चिऱ्याची जुनी खाण आहे ना आपल्याकडे, तीन बाजूंनी भिंत, काय बिघडतं?’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहूनच ठेवतो. जांभा दगड आहे. गोळी त्यात रुतत नाही, फुटते किंवा उलटते, आणि कुठल्या कोनात जाईल याचा भरवसा नाही. निशाणामागे लागतो तो मऊ मातीचा किंवा वाळूचा उंच, दगड-गोटे वेचून काढलेला बांध. दुसरा गैरसमज समुद्राचा: पुढे नुसतं पाणी, लागणार कोणाला? कमी कोनात पाण्यावर पडलेली गोळी उसळून पुढे जाते, लहानपणी आपण खाडीत चपट्या कपच्या उडवायचो तशीच. आणि पुढे नुसतं पाणी कधीच नसतं, होड्या असतात.

रेंजवरून आल्यावर चहा-भजीला हात घालण्याआधी साबणाने हात आणि तोंड धुवायचं. टोपीच्या धुरात आणि गोळीच्या कणांत शिसं असतं, ते बोटांवरून तोंडात जातं. घरात लहान मूल असेल तर कपडेही बदला, मगच त्याला उचला.

साफसफाईत आपल्या हवेची वेगळी गोष्ट आहे. कोरड्या टेक्सासमध्ये आठवडाभर तसंच ठेवलेलं रिव्हॉल्वर चालून जातं. खाऱ्या वाऱ्यात ते दोन दिवसांत तांबडं पडतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. काळ्या दारूची काडतुसं वापरली असतील तर कुठेही त्याच दिवशी धुवावं लागतं. त्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. तिच्यावर नुसतं तेल चोळून भागत नाही, गरम पाणी आणि साबणच लागतो, मग पूर्ण वाळवून तेल. सिलिंडर काढायला अर्धा घोडा करून, झडप उघडून, पुढची खीळ ओढायची, तो उजवीकडून हातात येतो. तेलाचा हात हलका असू दे. घरांमध्ये तेल राहिलं तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपून तिला निकामी करू शकतं. आणि कितीही रुबाबदार दिसलं तरी कातडी होल्स्टरमध्ये शस्त्र ठेवून द्यायचं नाही. कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, आणि पितळी काडतुसं पट्ट्यात ठेवली तर त्यांवर हिरवा थर चढतो. आपल्याकडच्या परवानाधारकांनीही हे ऐकावं, मग शस्त्र कुठल्याही पद्धतीचं असो.

राहिला कायदा. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला तिथल्या संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे, रेंजवर भाड्याने घेतली तरी. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. बोटीवरून दोन दिवस उतरलेल्या आपल्या मुलांनी मित्र म्हणतो म्हणून जायचं नाही, आधी रेंजला पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून विचारायचं.

परत येताना सामान नीट तपासा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीइतकाच काडतुसालाही परवाना लागतो, एका काडतुसालासुद्धा. आठवण म्हणून ठेवलेली एखादी पुंगळीही विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसते आणि मग फ्लाइट सुटते, वर पोलिसांना खुलासा करत बसावं लागतं. रेंजवर नेलेली सॅक घरी आणायचीच असेल तर ती उलटी करून झटका, शिवणीतले कप्पे बोटांनी चाचपा, त्या दिवशी घातलेल्या जॅकेटचे खिसेही बघा, आणि रेंजची पुंगळी रेंजच्याच बादलीत टाकून या.